वडिलांचे डब्ल्यूडीएम-२: एचओच्या तयार मॉडेलवर एकच विशिष्ट इंजिन कसे उतरवावे?

मिरजेचा_मुलगा

नमस्कार मंडळी. माझे वडील पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गावर आधी डिझेल असिस्टंट आणि पुढे ड्रायव्हर होते. इंजिनासोबतचा त्यांचा एकच फोटो घरात आहे. १९९१ साली मिरज स्थानकात उभ्या असलेल्या डब्ल्यूडीएम-२ या वर्गाच्या डिझेल इंजिनाच्या पायरीवर एक पाय ठेवून आणि कॅबच्या दाराजवळची दांडी धरून ते उभे आहेत, आणि त्यांच्या मागे फलाटाच्या टोकाचा पिवळा नामफलक अर्धवट दिसतो. येत्या दिवाळीत त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्याआधी तेच इंजिन तयार करून त्यांच्या हाती द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

माझ्याकडे एचओ प्रमाणातले, म्हणजे १:८७ चे, प्लॅस्टिकचे तयार डब्ल्यूडीएम-२ आहे. ते रुळावर चांगले धावते, पण त्याचे कठडे साच्यातच ओतलेले आणि जाड आहेत, रंग खेळण्यासारखा चकचकीत आहे आणि क्रमांक अर्थातच वेगळा आहे. मॉडेल वडिलांना दाखवले तेव्हा त्यांनी ते बराच वेळ हातात धरून न्याहाळले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘आमच्या गाडीला हा हिरवा पाइप कुठून आला?’’ त्याचे उत्तर मला देता आले नाही.

कठडे नव्याने बसवणे, रंग काढून पुन्हा देणे, देवनागरीतील शेडचे (इंजिनांची देखभाल होते त्या आगाराचे) नाव व क्रमांक लिहिणे, आणि इंजिन वापरातले वाटेल इतपत मळवणे, एवढी कामे समोर आहेत. शक्य झाल्यास आवाजही बसवायचा आहे. गेल्या वर्षी एका मालडब्याचा रंग मी नेहमीच्या थिनरने काढायला गेलो आणि डब्याची एक बाजू मेणासारखी वितळली, त्यामुळे आता हात लावण्याआधी विचारत आहे. सुरुवात कोठून करावी?

सुटा_भाग

सुरुवात फोटोपासून करावी आणि शेवटपर्यंत फोटो समोरून हलवू नये. ‘डब्ल्यूडीएम-२ कसे असते’ हा प्रश्न तुम्ही बाजूलाच ठेवा, कारण १९६२ साली अमेरिकेतील अ‍ॅल्कोकडून पहिली इंजिने आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली, तेव्हापासून या वर्गाची हजारो इंजिने बनली आणि प्रत्येक शेडने आपापल्या सोयीने त्यांत फेरफार केले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेले १८०४० हे पहिले इंजिन आणि नव्वदच्या दशकात तुमच्या वडिलांनी चालवलेले इंजिन यांचा वर्ग एकच असला, तरी तपशील एक नाहीत. तुम्हाला एक इंजिन, एका दिवशी जसे होते तसे करायचे आहे. ही मर्यादा घातली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

वडिलांचा प्रश्न अगदी नेमका आहे. हिरवा होज (लवचीक नळी) हा एअर ब्रेकच्या ब्रेक पाइपचा आणि पांढरा होज फीड पाइपचा. त्या काळातील पुष्कळ प्रवासी गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर चालत आणि त्यासाठी बफर बीमवर (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवर) एकच जाड, काळा, वळ्यावळ्यांचा होज असे. डब्ल्यूडीएम-२ मध्ये ‘एक्स्प्रेसर’ नावाचे जे यंत्र असते, ते एकाच वेळी हवा दाबण्याचे आणि व्हॅक्यूम निर्माण करण्याचे काम करते, ते याच कारणासाठी. तुमच्या मॉडेलच्या कारखानदाराने नंतरच्या काळातले, दोन्ही ब्रेक असलेले इंजिन समोर ठेवलेले दिसते. फोटो मोठा करून बफर बीम पाहा. तेथे हिरवा-पांढरा होज दिसत नसेल तर ते दोन्ही धारदार पात्याने मुळापासून कापा, जागा भरून घासून सपाट करा आणि व्हॅक्यूमचा होज नव्याने बसवा. मात्र सगळेच होज काढून टाकू नका. दोन इंजिने जोडून चालवण्यासाठी लागणारे बारीक होज व्हॅक्यूमच्या इंजिनांवरही असत.

व्हॅक्यूम होज करण्याची माझी रीत सांगतो. गिटारची जाड, तार गुंडाळलेली जुनी तार मिळवावी, तिचा साधारण ८ मिलिमीटरचा तुकडा कापून गरम चिमट्याने हलका बाक द्यावा आणि काळा मॅट रंग द्यावा. तारेवरच्या वेढ्यांमुळे त्या होजच्या वळ्या हुबेहूब दिसतात.

हेडलाइटही तपासा. जुन्या इंजिनांवर एकच मोठा गोल दिवा असे, शेजारीशेजारी दोन दिव्यांची जोडी नंतर आली. छतावरचा पिवळा फ्लॅशरही फोटोत नसेल तर मॉडेलवर ठेवू नये.

आता कठड्यांविषयी, कारण या कामात सर्वांत जास्त फरक त्यांनीच पडतो. खऱ्या दांडीची जाडी तीन सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर १:८७ मध्ये ती ०.३५ मिलिमीटर होते. साच्यातल्या दांड्या साधारण याच्या दुप्पट असतात आणि म्हणून इंजिन लगेच खेळण्यासारखे वाटते. ०.३ किंवा ०.३५ मिलिमीटरची फॉस्फर ब्राँझची तार घ्या. पितळेची तारही चालते, पण हाताळताना ती वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. जुने कठडे कापण्यापूर्वी प्रत्येक खांबाच्या बुडाशी टोकदार सुईने खूण करून ठेवा, नाहीतर नंतर अंतरे चुकतात. पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलच्या मुठीत) ०.४ मिलिमीटरचे ड्रिल लावून हाताने भोके पाडा, विजेचे ड्रिल वापरू नका, कारण उष्णतेने प्लॅस्टिक वितळून भोक वाकडे होते. इन्स्टंट गोंद थेट बाटलीतून न लावता तारेचे टोक गोंदाच्या थेंबात बुडवून आतल्या बाजूने लावा आणि सुकेपर्यंत सांगाडा (मॉडेलचे बाहेरचे कवच) उघड्या हवेत ठेवा, कारण बंद डब्यात त्या गोंदाची वाफ बसून खिडक्यांच्या काचा पांढुरक्या होतात.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहितो. सांगाडा उघडून बोगी (चाके बसवलेल्या खालच्या चौकटी) बाहेर काढाल तेव्हा त्यांची दिशा खूण करून ठेवा. या इंजिनाच्या तीन चाकजोड्यांच्या बोगीत मधला आस बरोबर मध्यावर नसतो, दोन अंतरे असमान असतात. बोगी उलटी बसवली तरी मॉडेल धावते, पण ज्यांनी खरे इंजिन वर्षानुवर्षे पाहिले आहे त्यांना ते पहिल्या नजरेत खटकते, आणि तुमचे वडील तर त्यांतलेच आहेत.

कोकण_रंग

रंगाविषयी मी लिहिते. मी चिपळूणला राहते आणि इकडच्या हवेत रंगकाम करता करताच बरेच शिकावे लागले.

तुमच्याकडे वितळला तो डबा थिनरमुळे वितळला, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. हार्डवेअरच्या दुकानातील थिनर पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही दोन्ही प्लॅस्टिके खातो. त्याऐवजी ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. काचा आणि दिवे काढून घ्या, सांगाड्याच्या आतल्या बाजूला न दिसणाऱ्या ठिकाणी एक थेंब लावून अर्धा तास पाहा, आणि प्लॅस्टिक मऊ पडले नाही तरच सांगाडा त्यात बुडवा. रंग सुटू लागला की जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ देवघरातली समई किंवा गॅस पेटलेला नसावा.

रंग ठरवताना फोटोवर विसंबू नका, हे मला आवर्जून सांगायचे आहे. त्या काळातील रंगीत छापील फोटो अल्बममध्ये वर्षानुवर्षे राहिले की त्यांतला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी फिका पडतो आणि संपूर्ण चित्र लालसर होते. फोटोत दिसणारा किरमिजी खरा किरमिजी असेलच असे नाही. पण तुमच्या फोटोत एक उत्तम साक्षीदार आहे, तो म्हणजे मिरजेचा नामफलक. स्थानकाच्या फलकाचा पिवळा आपल्या सर्वांच्या डोळ्यांत पक्का बसलेला आहे. फोटो स्कॅन करून तो पिवळा पुन्हा खऱ्या पिवळ्यासारखा दिसेपर्यंत रंगांचा तोल दुरुस्त करा, आणि त्यानंतरच इंजिनाचा रंग वाचा. मग त्या रंगात किंचित पांढरा किंवा फिका करडा मिसळा, कारण हातभर अंतरावरून पाहिलेल्या छोट्या वस्तूवर पूर्ण गडद रंग खऱ्याहून जड दिसतो. किती मिसळावा हे मी आकड्यात सांगणार नाही, जुन्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर नमुने काढून दिवसाच्या उजेडात ठरवा.

करडा प्रायमर आधी द्या, त्यात घासण्यातल्या चुका दिसतात. नंतर फिका पट्टा प्रथम आणि गडद रंग त्यानंतर. पट्ट्यावर मास्किंग टेप चिकटवल्यावर तिच्या कडेवरून आधी तोच फिका रंग पुन्हा एकदा हलका फवारा, म्हणजे टेपखाली कोठे फट असेल तर ती त्याच रंगाने बुजते आणि गडद रंग आत झिरपत नाही. एअरब्रशचा दाब १५ ते २० पीएसआय आणि रंग दुधाइतका पातळ ठेवल्यास दरवाजांच्या बिजागऱ्या, जाळ्या आणि रिव्हेट झाकले जात नाहीत.

लॅकर पावसाळ्यात फवारू नका. दमट हवेत थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले पाणी बसते आणि रंग पांढरट, बुरशी आल्यासारखा होतो. माझे एक पूर्ण झालेले इंजिन जुलै महिन्यात असेच वाया गेले. आता मी पावसाळ्यात केवळ अ‍ॅक्रिलिक वापरते आणि काम झाल्यावर सांगाडा एका लाकडी पेटीत, आत ४० वॉटचा जुना दिवा लावून, रात्रभर ठेवते. दिवाळीची मुदत आहे, तेव्हा ही पेटी आधीच करून घ्या.

अक्षरांसाठी पाण्याने सुटणारी डिकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरे, करावी लागतील. घरचा इंकजेट प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, म्हणून पांढरी किंवा पिवळसर अक्षरे पारदर्शक कागदावर छापता येत नाहीत. पांढऱ्या टोनरचा लेझर प्रिंटर असलेला छपाईवाला शोधावा लागतो. दुसरा उपाय असा की पांढऱ्या डिकल कागदावर अक्षरांभोवतीची जागा इंजिनाच्या रंगाने छापायची, पण रंग तंतोतंत जुळत नाही आणि चौकट दिसते. मी तो मार्ग सुचवणार नाही.

संगणकातील तयार फाँटही घेऊ नका. शेडमधले पेंटर ही अक्षरे हाताने काढत. त्यांची शिरोरेषा जाड असे, उकार किंचित आखूड असे आणि आकड्यांना स्वतःची वळणे असत. फोटोतील अक्षरे संगणकावर मोठी करून त्यांच्यावरून रेषा गिरवून काढा. खऱ्या इंजिनावर १५ सेंटिमीटर उंचीचे अक्षर मॉडेलवर अवघे १.७ मिलिमीटर होते, त्यामुळे मात्रा आणि अनुस्वार छपाईत तुटत नाहीत ना, हे कागदावर एक नमुना काढून भिंगाखाली पाहा. डिकल लावण्याआधी तेथे चकचकीत वॉर्निश हवेच, कारण खरखरीत रंगावर डिकलखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि अक्षराभोवती चंदेरी कडा दिसते. सर्व झाल्यावर मॅट वॉर्निश.

मिरजेचा_मुलगा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नामफलकाच्या पिवळ्याचा उपयोग होईल हे माझ्या कधीच लक्षात आले नसते. काल स्कॅन दुरुस्त केला तेव्हा इंजिनाचा रंग मी समजत होतो त्याहून पुष्कळ तपकिरी निघाला.

एक शंका राहिली. समोरून पाहताना माझे मॉडेल रुळावर अरुंद वाटते. हा माझा भास आहे का?

सुटा_भाग

भास नाही. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो आणि ते १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे प्रमाण आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवे. सांगाडा खऱ्या मापाचा आणि चाके आत सरकलेली, म्हणून समोरून ते तसे दिसते. अचूक गेज करायचे तर चाकांपासून रुळांपर्यंत सर्वच हाताने करावे लागेल. या कामासाठी ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी बोगीची बाजूची चौकट आणि चाक यांमधली रिकामी जागा भरून काढा. प्लॅस्टिकच्या पट्टीतून ब्रेकचे ठोकळे कापा आणि ते चौकटीच्या रेषेत न बसवता चाकाच्या रेषेत, चाकापासून अर्धा मिलिमीटर दूर बसवा. नजर तेथे थांबते आणि अरुंदपणा जाणवत नाही. ठोकळे धातूचे मुळीच करू नका, चाकाला टेकले तर शॉर्ट सर्किट होईल.

ठाण्याचा_डिकोडर

आवाजासंबंधी थोडक्यात लिहितो. या इंजिनात १६ सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे अ‍ॅल्को २५१-बी यंत्र असते. हेच कुटुंब अमेरिकी इंजिनांत असल्याने साउंड डिकोडरसाठी (मॉडेलच्या आत बसून आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीसाठी) अ‍ॅल्को २५१ ची फाइल सहज मिळते आणि आयडलवरची (इंजिन उभे असताना यंत्र मंद चालते तेव्हाची) ती अडखळत श्वास घेतल्यासारखी लय त्यात बरोबर येते. भोंगा मात्र अमेरिकी असतो, तो बदलून आपल्याकडील ध्वनिमुद्रण भरून घ्या. ज्या माणसाने तो भोंगा रोज वाजवला, त्याच्यासमोर परका भोंगा वाजू नये.

डिकोडर बसवण्यापूर्वी मोटरची दोन्ही टोके चासीपासून पूर्णपणे वेगळी आहेत याची मल्टिमीटरने खात्री करा. तेथे जोड राहिला तर पहिल्याच क्षणी डिकोडर जळतो. स्पीकर आवाजपेटीत हवाबंद बसवा, उघडा स्पीकर पत्र्यासारखा वाजतो. हेडलाइटला उबदार पांढरा एलईडी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर पुरेसा आहे. जुन्या काळातील मंद, पिवळसर दिवा हवा असेल तर रेझिस्टर वाढवून २.२ किलोओहमपर्यंत न्या.

रेल्वेच्या इंजिनाचा क्रमांक पाच आकडी आहे आणि डीसीसीचा (मॉडेल डिजिटल संदेशांनी चालवण्याच्या पद्धतीचा) पत्ता बहुतेक कंट्रोलरवर ९९९९ च्या पुढे जात नाही, तेव्हा शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून द्या.

शेडमधली_पाळी

मी डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. मॉडेल मी करत नाही, नातू करतो, त्याच्यामुळे ही चर्चा वाचनात आली. मळ कसा लावावा याचे तंत्र इतर मंडळी सांगतील. मळ कोठे आणि का बसतो एवढेच मी सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन सगळीकडे सारखे मळत नाही. प्रवासी गाडीचे इंजिन धुतले जाई, पण धुणाऱ्याचा हात जेथवर पोहोचतो तेथवरच. बाजूचे दरवाजे आणि कॅब स्वच्छ, छत आणि बोगी मात्र काळ्या. धुराड्याभोवती काजळी दाट असते. इंजिन लाँग हूड, म्हणजे कॅबच्या एका बाजूचा लांब भाग, पुढे ठेवून चालले की धूर मागे कॅबवरून जातो, म्हणून कॅबचे छतही काळवंडते. काजळी ही मऊ, मखमली काळी असते, तिला चकाकी नसते.

टाकीची गोष्ट याच्या उलट आहे. दोन बोगींच्या मध्ये ५००० लिटरची डिझेल टाकी असते. तिच्या भरणीच्या तोंडाखाली डिझेल ओघळलेले असते आणि त्यावर धूळ बसत राहते, तरी तो ओघळ ओलाच दिसतो. नातवाने तेथे मॅट काळा लावला होता. मी त्याला सांगितले की येथे चकाकी हवी, तर त्याने तेलरंगाची बारीक उभी रेघ ओढून त्यावर ग्लॉस वॉर्निश दिले आणि ते अगदी शेडमधल्यासारखे दिसू लागले.

बोगीवर तपकिरी धूळ असते, ती मातीची कमी आणि ब्रेकची जास्त. त्या काळात बिडाचे ब्रेक ब्लॉक होते. ते झिजून लोखंडाची भुकटी उडे आणि तिला गंज चढे. म्हणून तो तपकिरी रंग चाकांच्या आणि ब्रेकच्या आसपास दाट ठेवा आणि टाकीपर्यंत विरळ करत न्या. रेडिएटर लाँग हूडच्या टोकाला असतो, बाजूच्या जाळ्यांतून हवा आत ओढून वरचा पंखा ती बाहेर फेकतो. त्यामुळे जाळ्यांच्या पट्ट्यांवर बारीक धूळ चिकटलेली असे. मिरजेकडची काळी माती आहे, तेव्हा ती धूळ लालसर करू नका, करडी ठेवा.

दांड्या आणि पायऱ्या यांकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. माणसे रोज धरतात त्या जागी दांडीचा रंग झिजून धातू उघडा पडलेला असे, आणि पायरीची कड पांढरीशुभ्र घासलेली असे. तुमच्या वडिलांनी फोटोत जी दांडी धरली आहे, तिच्यावर मळ नको, तेथे मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाने घासून चमक आणा.

मिरजेचा_मुलगा

काका, तुमचा प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. डिझेलच्या ओघळापाशी त्यांनी मान डोलावली आणि तो वास अजून आठवतो असे म्हणाले.

काम आता पुढे गेले आहे. हिरवा आणि पांढरा होज काढला, गिटारच्या तारेचा व्हॅक्यूम होज बसला, कठडे झाले, आणि करडा प्रायमर परवा दिला. सांगाडा पेटीतून काढून टेबलावर ठेवला असता वडील चष्मा लावून जवळ आले आणि असिस्टंटच्या बाजूच्या दारालगतच्या दांडीवर बोट ठेवून म्हणाले, ही इतकी सरळ नव्हती, शंटिंगमध्ये काहीतरी लागून ती मधोमध आत दबलेली होती, आणि हात घालताना बोटे कॅबच्या पत्र्याला घासत. फोटोत त्या दांडीवर त्यांचाच हात असल्यामुळे ते दिसत नाही. ती दांडी वाकवून घ्यावी का, आणि बसवलेली तार प्रायमर न उडवता कशी वाकवावी?

सुटा_भाग

अवश्य वाकवा. बसवलेल्या अवस्थेत मात्र नको, भोकांवर ताण येऊन गोंद सुटेल. तेवढी एक दांडी काढा, नवी तार १ मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर मधोमध टेकवून दोन्ही टोके अंगठ्यांनी हळूच, तुम्हाला वाटते त्याच्या निम्मीच दाबा आणि कॅबवर धरून पाहा. किती दबलेली होती, हे वडिलांना शेजारी बसवून त्यांनाच ठरवू द्या. तार बसल्यावर तेवढ्याच भागाला ब्रशने प्रायमर लावा, सगळा सांगाडा पुन्हा फवारण्याची गरज नाही.

शेडमधली_पाळी

आणि दाबलेल्या जागी रंगाचा टवका उडालेला असेल, त्यात गंजाचा एक ठिपका द्या. शेडमध्ये ती दांडी सरळ करायला वेळ मिळत नसे, पण पुढच्या रंगकामात तिच्यावर तसाच रंग मारला जाई, तेव्हा तो ठिपका लहानच ठेवा.